एका खिशावर तीन पट्ट्या

"ज्या कंपनीच्या मशीनवर अपघात झाला, ती बंद पडली. माझ्या अशिलांची कंपनी वेगळी," म्हणत मालकाचे वकील खाली बसले.

द्वारकाबाई ताडकन उठली. तिची दोन बोटं त्याच मशीनने नेली होती. उरलेल्या बोटांनी तिने पिशवीतून कामाचा कोट काढला आणि दातांनी दोरा तोडून खिशावरची कंपनीच्या नावाची पट्टी उसवली. खाली दुसऱ्या कंपनीची पट्टी निघाली, तीही उसवल्यावर तिसरीची.

"गेटवरची पाटी बदलली की हे मालक म्हणायचे, ‘नवा कोट कशाला? वरूनच शिवा.’ साहेब, कोट तोच, मशीन तेच, अन् आमच्यावर खेकसणारा माणूसही हाच!"

न्यायाधीशांनी कोट निरखला. मग वकिलांना हातानेच थांबवत ते मालकाला म्हणाले, "यातल्या कोणत्या कंपनीचे मालक तुम्ही नाही, तेवढं सांगा."