सोडण्याचे कारण

कवठे महांकाळपासून विश्रामबागेपर्यंत बिराप्पा गाडीवर लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. आता कॉलेजात, चारचौघांत बोलतील, या धास्तीनंच प्रांजल ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. कॉम्प्युटर इंजिनियरिंगमधून नाव काढायचा फॉर्म तिनं भरत आणला आणि ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी तिचा हात अडला. सहा विषय राहिलेत, हे वडिलांच्या देखत कसं लिहायचं?

बिराप्पांनी पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत लिहिलं, ‘पोरगी हसायची बंद झाली.’

क्लार्क वैतागला. “ओ मामा, हे कसलं कारण? नीट लिहा की.”

“नीटच हाय, सायेब. मेंढरू चरंना झालं, की आमी रान बदलतो. मेंढराला बोल लावत न्हाई.”