उलटा पीळ

मास्तरांनी कागदाच्या दोन कडांना केबलच्या दोन टोकांच्या पिनांचे ठिपके काढले, त्यांना आकडे घातले आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘सोल्डरच्या बाजूने पाहताना’, म्हणजे तारा जिथे डाखल्या आहेत त्या बाजूने. हे लिहिलं नाही, तर आकृती आरशातल्यासारखी उलटी वाचली जाते आणि शहाणीसुरती माणसं दिवसभर भलत्याच तारा कापत बसतात. मग मीटरची एक वायर केबलच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. ‘पीप’ वाजलं, जोड सापडला, की पेन्सिलीची एक रेघ.

कारखान्याच्या वजनकाट्याच्या केबिनबाहेर ट्रकांची रांग पार फाटकाबाहेर गेली होती. काटा वजन दाखवत होता, पण प्रिंटर तीन दिवस पावती छापत नव्हता आणि छापील पावतीशिवाय ट्रक हलत नव्हता. व्यवस्थापक बाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं : दुपारपर्यंत चालला तर ठीक, नाहीतर प्रिंटरसकट सगळं यंत्र नवीन. नवीन यंत्र आलं की दुरुस्तीची माणसंही यंत्राच्या कंपनीचीच. मास्तरांच्या हातात आता या काट्याच्या दरमहा तपासणीचं एवढंच काम उरलं होतं. बाकीच्या कारखान्यांनी कधीच नारळ दिला होता.

शेजारी देखभाल प्रमुख हाताची घडी घालून उभा होता. तो मास्तरांकडेच शिकलेला. चारचौघांत मास्तर त्याला साहेब म्हणायचे, अहो-जाहो करायचे, आणि तो ‘मास्तर’ म्हणाला की मनातून फुलायचे. नव्या यंत्राचा आग्रह त्याचाच होता. त्याचं मास्तरांना काही वाटलं नव्हतं. नव्या माणसाला नवं हवं असतं.

“सोडा हो मास्तर,” तो म्हणाला. “मेलेल्याची नाडी किती वेळ बघणार?”

“मेलेलं नाही साहेब. हे बघा.” मास्तरांनी रेघांवर पेन्सिल टेकवली. “काट्याच्या आणि प्रिंटरच्या, दोन्ही टोकांना तीन नंबर बोलतो, दोन नंबर ऐकतो. म्हणजे तीनची तार दोनवर जायला हवी. इथं तीन तीनवर आणि दोन दोनवर. दोघंही बोलतायत, ऐकायला कोणी नाही. लग्नाला वीस वर्षं झालेलं घर!”

हा विनोद त्यांनी शिकवताना शंभरदा केला असेल. प्रमुख हसला नाही.

मग मास्तरही हसायचे थांबले. केबल बारा वर्षं बिनबोभाट चालली होती. तारा काही आपण होऊन उठत नाहीत आणि जागा बदलत नाहीत. त्यांनी टोकाचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं. बाकी सगळं सोल्डर काळवंडलेलं, दोन पिनांवरचं मात्र नवंकोरं, चकचकीत. तारेला आधी गळासारखा बाक, मग सोल्डर, वर प्लॅस्टिकच्या नळीचा बारीक तुकडा. ही मास्तरांची स्वतःची पद्धत. फक्त तारेचा पीळ उलटा होता. असा पीळ डावऱ्या हाताचा, आणि ही पद्धत त्यांनी एकाच डावऱ्याला शिकवली होती.

राग येईल असं त्यांना वाटलं होतं. आली ती लाज. चोरी करताना आपणच सापडल्यासारखी.

“तू?” साहेब, अहो, सगळं गळून पडलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “असले खटारे मी किती दिवस सांभाळायचे, मास्तर? वर उत्तर मला द्यावं लागतं.”

“मग मला सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं.”

मास्तरांनी दोन तारा आहे त्याच बाकासकट सोडवल्या आणि अदलाबदल करून लावल्या. पाच मिनिटांचं काम. प्रिंटर खडखडला, पावती बाहेर आली. तो आवाज ऐकून बाई आत आल्या.

“चालला! काय झालं होतं?”

“दोन तारा उलट जागी होत्या.”

“दोन तारांसाठी माझे ट्रक तीन दिवस उभे? लावल्या कोणी?”

मास्तरांनी शिष्याकडे पाहिलं. त्यानं नुसतं ‘चुकलो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पुढची सारवासारव मास्तरांनीच केली असती.

“केबल दर महिन्याला मास्तरच उघडतात, बाई,” शिष्य म्हणाला. आवाज मऊ, काळजीचा. “हा तारेचा बाक बघा, ही नळी बघा. अख्ख्या गावात ही पद्धत त्यांचीच. वय झालंय आता, होतं असं. म्हणून तर मी म्हणत होतो, नवीन घेऊ या.”

बाईंनी भिंगातून पाहिलं. “मास्तर, तुमचंच काम ना हे?”

पिळाचं सांगता आलं असतं. पण ज्यांना पिन म्हणजे टाचणी वाटते, त्यांच्यापुढे केसाएवढ्या तारेची साक्ष काय टिकणार? आणि टिकलीच असती, तर बाईंचा पुढचा प्रश्न मास्तरांना समोर दिसत होता : याला शिकवलं कोणी?

“हो,” ते म्हणाले. “पद्धत माझीच.”

बाईंनी सुस्कारा सोडला. “मग राहू दे. उद्यापासून तुम्ही त्रास नका घेऊ. फक्त एवढं लिहून द्या, मला वर दाखवायला लागेल.”

आकृतीखाली मोकळी जागा होती. मास्तरांनी तिथे लिहिलं, ‘दोष : दुरुस्ती करणाऱ्याची चूक.’ अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडायला लागला. शिष्य लगबगीनं पुढे झाला आणि मास्तरांना नीट सही करता यावी म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी दाबून धरला.