एक चिठ्ठी कमी

"सातच?" हंबीररावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"सातच. विष्णुपंतांना आठ." चिंतामणने कागद पुन्हा तपासला. पंधरा सभासद, पंधरा चिठ्ठ्या. बेरीज बरोबर होती. नगरपालिकेचं अध्यक्षपद पक्षाच्या विष्णुपंतांकडे गेलं होतं आणि अपक्ष हंबीरराव एका मताने पडले होते.

चिंतामण नुकताच बी.एस्सी. झाला होता. लढाईवरून सुभेदार होऊन परतलेल्या हंबीररावांसाठी त्याने महिनाभर धावपळ केली होती. अपक्षाला आशा किती, हे त्याने हवेत ठरवलं नव्हतं. यादी केली होती, घरोघर जाऊन नावांपुढे खुणा केल्या होत्या. आज सकाळीच तो म्हणाला होता, "आठ पक्की."

मग फिरलं कोण?

हंबीररावांच्या सोप्यात जमलेल्या त्यांच्या बाजूच्या सभासदांच्या नजरा जोतिबाकडे वळल्या.

"आष्ट्याच्या बाजारात विष्णुपंतांचा चहा कोन पिला रं?" भाऊसोने विचारलं.

"मी पिला. पन इमान न्हाई इकलं."

"मग त्यात बुडवून खाल्लंस व्हय?"

कोणी हसलं नाही. जोतिबाच्या लेकीची सोयरीक भाऊसोच्या मुलाशी ठरली होती.

"खंडोबाचा भंडारा उचल," भाऊसो म्हणाला. "न्हाईतर सोयरीक मोडली."

देव्हाऱ्यातून भंडाऱ्याची वाटी आली. भंडारा उचलून तिथे कोणी खोटं बोलत नसे. जोतिबाचा चेहरा उतरला.

"उचलतो. पन एकट्यानंच का? यादी वाच, चिंतामणा. ज्याचं नाव येईल त्यो उचलंल."

चिंतामण वाचू लागला. जोतिबाने सगळ्यांत आधी चिमूट उचलली, कपाळाला लावली. "मत सुभेदारांनाच." मग भाऊसो. मग एकेक करत बाकीचे. सातही जणांनी उचलला. कोणाचाही हात कचरला नाही.

चिंतामण गोंधळला. सगळेच खरे, तर बेरीज खोटी? त्याने पुन्हा बोटांवर मोजलं.

"थांबलास का रं?" हंबीरराव खवळून म्हणाले. "आठवा कोन त्यो? नाव घे त्याचं!"

"आठवे तुम्हीच, सुभेदार."

हंबीररावांनी यादी ओढून घेतली.

"माझं मत कशाला धरलंस? मला वाटलं, मला सोडून आठ!" त्यांचा आवाज खाली आला. "आपल्या हातानं आपलंच नाव लिव्हायचं व्हय रं? मी रीतीनं विष्णुपंतांचं लिव्हलं."