ओळखीचं लुगडं

नरसिंगने बायकोचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला, मिशीवरून पुढे ओढला आणि बसण्याआधी गोठ्याचं गल्लीकडचं दार आतून लावून घेतलं. साठी उलटलेला माणूस, गावातल्या बैठकीत ज्याच्या शब्दाला वजन. पण भुरी म्हैस रुक्माबाईचं लुगडं समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नव्हती, आणि संधिवाताने रुक्माबाईची बोटं महिन्यापासून वळत नव्हती.

रुक्माबाई भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात तिने मांडीवर ठेवले होते, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखे. सकाळी तर ते इतके फुगायचे, इतके ताठ व्हायचे, की अंबाडासुद्धा सून बांधून द्यायची.

"तिला हाक मार," नरसिंग कुरकुरला.

"दे माय भुरे, दे," रुक्माबाई म्हणाली.

भुरीने कान हलवले, लुगड्याचा वास घेतला आणि जरा धार सोडली. चरवीचा तळ झाकतो न झाकतो तोच दूध चोरलं.

"बास. हिचं नाटक आज शेवटचं," नरसिंग म्हणाला. "डोंगरकड्याहून फुलसिंग व्यापारी निघालाय. घेऊन जाईल."

भुरीची माय मेली तेव्हा रुक्माबाईनेच दुधात बोट बुडवून त्या पारडीला चोखायला दिलं होतं, प्यायला शिकवलं होतं. आज त्याच बोटांपायी ती विकली जाणार होती.

सून शिला घरातून चहा घेऊन आली. सासऱ्याला दुधाचा, सासूला कोरा. वसमतच्या डॉक्टरने सांगितलं होतं, काही जणांना दूध सोडल्यावर सांधे हलके वाटतात, काहींना काहीच फरक पडत नाही. महिनाभर दूध-दही सोडून बघा, मग ठरवू. दुभती म्हैस दारात असताना रुक्माबाईने थेंब तोंडात घेतला नव्हता. शेजारच्या बारशातली खीरसुद्धा हात जोडून परत पाठवली. तरी बोटं सुधारायचं सोडून आणखीच आखडली होती.

"आत्याबाई, महिना झाला," शिला म्हणाली. "दूध सोडून उलट तकलीफ वाढली. दुधाचं काई दिसत न्हाई. आजपासून घेत जा."

रुक्माबाईचा चेहरा उजळला. "व्हय? मंग रविवारची गोळी बी चालू करू का?"

शिलाच्या हातातला कप तसाच राहिला. "कोणती गोळी?"

"तीच की, सांध्यांची. आठवड्याला एक असती ती."

"ती बंद हाय? काहून?"

"आता दूधच बंद म्हणल्यावर गोळी कशासंगं घेऊ?" सुनेला एवढंही कळू नये याचं रुक्माबाईला नवल वाटलं. "गरम गोळी ती. दुधाबिगर घेतली तर पोटात आग पडती. तुझे मामंजीच बोलले व्हते."

भुरी रवंथ करीत होती. शिलाला आधी सासूचा राग आला, मग स्वतःचा. दूध तर नाही ना घेतलं, हे ती रोज विचारत होती. गोळी घेतली का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"आत्याबाई, डॉक्टरनं दूध सोडून बघा म्हणलं व्हतं. गोळी सोडा म्हणलं न्हाई. आता आपल्या मनानं चालू बी करू नका. मी दवाखान्यात फोन लावते, ते सांगतील तसं करू."

"अन् दुधाचं?"

"बोटं गोळी सुटल्यानं बी आखडली असतील. दुधाचं काई कळलंच न्हाई अजून. पुन्यांदा बघावं लागंल."

रुक्माबाईने हात पदराखाली घेतले. "म्हंजी माह्याच अकलेनं झालं का हे सगळं?"

"न्हाई," नरसिंग म्हणाला. तो चरवीत बघून बोलत होता. "गरम गोळी म्हून मीच सांगितलं. माही माय सांगायची तसं."

एवढ्यात बाहेर गाडी येऊन थांबली. "ओ नरसिंगराव! म्हैस दाखवता ना?"

नरसिंग उठला. लुगडं सोडायला त्याचा हात निऱ्यांकडे गेला. समोर रुक्माबाई भुरीचा कासरा धरून उभी राहिली होती. धरून म्हणजे, बोटं मिटत नव्हती म्हणून मनगटाला गुंडाळून. ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

त्याने निऱ्यांवरचा हात काढला आणि दार उघडून तसाच गल्लीत गेला.

फुलसिंगने त्याला खालून वर पाहिलं, मग वरून खाली. समोरच्या ओट्यावर निवडत बसलेल्या बायांची सुपं थांबली.

"म्हैस इकायची न्हाई," नरसिंग म्हणाला.

"अवो, पण फोनवर तर तुमीच म्हणले, धार काढायला घरात माणूस न्हाई म्हून."

नरसिंगच्या डोक्यावरून पदर घसरला. भर गल्लीत त्याने तो पुन्हा नीट डोक्यावर घेतला.

"हाय की," तो म्हणाला. "तिची बोटं वळेस्तोवर हाय. हा काय, तुमच्यासमोर उभा."