हरणीचे ठोके

"थांब!" चष्मिषनं घड्याळ दाबलं. हरणी बाकावरून खाली उतरली आणि स्टुलावर बसून तिनं मनगट पुढे केलं. तीन मिनिटं बाकावर चढउतार, एक मिनिट विश्रांती, मग अर्धं मिनिट नाडी. बारावीला शारीरिक शिक्षण हा मुख्य विषय घेतलेल्या या दोघींना हे प्रात्यक्षिक झोपेतही जमलं असतं.

चष्मिषला धावणं कधी जमलं नाही. पण "उड्या मारल्याचे मार्क मिळतात म्हणे तुम्हाला!" असं मामानं चिडवलं, तेव्हापासून तिनं चंगच बांधला होता. सगळे स्नायू, सगळी हाडं तोंडपाठ. शिवाय वर्षभर हरणीच्या नाडीची वही तिच्याकडेच. वही कसली, साऱ्या शाळेच्या कौतुकाचा विषय! कितीही धावली तरी मिनिटभरात हरणीचे ठोके जागेवर. "पोरीचं काळीज घोड्याचं आहे," असं म्हणत सर ती वही येईल त्याला दाखवायचे. आणि दोनच दिवसांनी हरणीची निवड शर्यत होती.

"एक्केचाळीस," चष्मिष ऐटीत म्हणाली.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कशानं मोजलेस?"

"अंगठ्यानं."

"नेहमी असंच मोजतेस?"

"हो, मॅडम."

"अगं, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तू मोजलेस ते तुझेच ठोके."

चष्मिषचा चेहरा खर्रकन उतरला. गेले मार्क! मामाला आता आयतंच सापडणार. तिनं सरांकडे पाहिलं, तर सर खिडकीबाहेर बघत होते. वर्षभर त्यांनी वही तपासली होती, बोटं नाही.

"दोन बोटं ठेव आणि पुन्हा मोज," मॅडम म्हणाल्या.

तिनं दोन बोटं ठेवली. एक ठोका. दोन. मग काहीच नाही. बोट सरकलं असेल म्हणून तिनं जरा दाबून पाहिलं, तर तीन-चार ठोके घाईघाईनं एकमेकांच्या अंगावर आले आणि पुन्हा गप्प. तिचा आकडा चुकला. पहिल्यापासून मोजायला लागली, तर परत चुकला.

"मला नीट लागत नाहीये..."

मॅडमनी ते मनगट आपल्या हातात घेतलं. अर्धं मिनिट झालं, एक झालं, तरी त्यांनी ते सोडलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, गाडी काढा. हिला दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच्या आत्ता. चालवू नका तिला, खुर्चीत बसवून न्या."

"अहो, पण परवा तिची..."

"परवाचं परवा!"

चष्मिषनं वहीकडे पाहिलं. पानंच्या पानं भरली होती तिनं, तारखेसकट, सुबक अक्षरात. स्टुलाशेजारी आरामात बसलेल्या स्वतःच्याच काळजाचे ठोके ती हरणीच्या नावावर लिहीत आली होती.

मॅडम हरणीसमोर वाकल्या. "तुला कधी काही जाणवलं नाही, बाळा?"

"जाणवायचं ना," हरणी म्हणाली. "छातीत कसंतरी व्हायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग मी हिची वही उघडून बघायचे. वहीत सगळं ठीक असायचं, म्हणून पुन्हा धावायचे."