रेडिओ तापेपर्यंत

“वर्षानुवर्षं बंद आहे तो. थेट वीज देऊ नकोस, जळेल; मधे बल्ब जोड,” आजारी अण्णांनी आतल्या खोलीतून बजावलं. पण बल्ब शोधत कोण बसणार, म्हणून शैलानं त्यांच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची पिन सरळ सॉकेटमध्ये खोचली. धूर निघाला आणि अण्णांचा जीव की प्राण असलेला रेडिओ गेला.

“जोडलास का गं बल्ब?”

“हो अण्णा, जोडला. रेडिओ लावतेच आता.” तिनं रेडिओमागे मोबाइल ठेवून जुनं नाट्यगीत लावलं आणि आत जाऊन उगाचच त्यांचं पांघरूण सारखं केलं.

“तापायला मिनिटभर घेतो तो, पोरी. तोवर तोंडातून शब्द काढत नाही. आज लगेच गायला लागला.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“रेडिओचं राहू दे,” तिचा हात चाचपत ते म्हणाले, “तुला शॉक नाही ना बसला?”