टाळ्यांची ड्यूटी

२००९ च्या मंदीत दुबईतली आमची बांधकामाची साइट बंद पडली, तेव्हा कंपनी आम्हा मजुरांना अल कुसैसच्या कॅम्पातून बसने मैदानावर न्यायला लागली. मालकाने हौसेने पगारी बेसबॉल टीम पाळली होती, पण सामने बघायला काळं कुत्रं फिरकत नव्हतं. सुपरवायझरने हात वर केला की टाळ्या वाजवायच्या, हीच आमची ड्यूटी. टीम बाराच्या बारा मॅच हरली. शिसारी यायची टाळ्या वाजवताना.

शेवटच्या मॅचला चेंडू थेट मैदानाबाहेर गेला आणि आमचा महादू "सिक्सर" म्हणत नाचायला लागला. फटका समोरच्या टीमचा होता.

दुसऱ्या दिवशी मालकाने हरण्याची कारणं शोधायला मीटिंग घेतली. तिथून सुपरवायझर सरळ कॅम्पात आला.



"टीम वही रहेगी. महादू, तू सामान बांध. तेरा व्हिसा खलास."